सुका कचरा खरोखर सुका कसा ठेवावा: गोव्यातील शहरी घरांसाठी मार्गदर्शन

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा किंवा वास्को यांपैकी कोणत्याही शहरातील घराची कचऱ्याची पिशवी उचलून पाहिली, तर तिच्या वजनातील मोठा वाटा पाण्याचा असतो. मासळीचे अवशेष, रस काढलेल्या नारळाचा चोथा, भाज्यांची देठे, उरलेली आमटी आणि मे महिन्यात फणसाची चारखंडे असा आपल्या स्वयंपाकघराचा कचरा मुळातच ओला असतो. त्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात घरातील कागदही दमट होतो. त्यामुळे गोव्यात कचऱ्याच्या वर्गीकरणाचा सगळा प्रश्न ओलाव्याभोवती फिरतो. जो कागद, जी दुधाची पिशवी किंवा जो पुठ्ठा कोरडा आणि स्वच्छ आहे, त्याला भंगारवाला पैसे देतो. तीच वस्तू कालवणात भिजली की ती कोणीही घेत नाही आणि तिची रवानगी शेवटी ढिगाऱ्यात किंवा भट्टीत होते. हे नुकसान कचरा गाडीत पडल्यावर होत नाही. ते ओट्याजवळ, वस्तू हातातून सुटते त्या क्षणी होते, आणि म्हणूनच ते थांबवण्याची जागाही तीच आहे.

ओले आणि सुके एकत्र साचले की दुसरेही संकट उभे राहते. ढिगाऱ्याच्या पोटात हवा पोहोचत नाही, त्यामुळे अन्न कुजून मिथेन तयार होतो, आणि भोवती प्लॅस्टिक व कागद असल्यामुळे लागलेली आग आवरत नाही. मडगावजवळच्या सोनसोडो येथे २०१९ च्या मे महिन्यात लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली होती आणि तिच्या धुराचा त्रास आसपासच्या वस्त्यांना भोगावा लागला होता. २०१६ पासून साळगाव येथे चालू असलेल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज तयार होते, परंतु त्या यंत्रणेला जे हवे आहे ते फक्त कुजणारे अन्न आहे. त्यात शिरलेली काच, डायपर आणि पिशव्या कोणातरी कामगाराला हाताने वेगळ्या कराव्या लागतात. राष्ट्रीय घनकचरा नियमांनी २०१६ पासून घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले आहे, आणि पणजी महानगरपालिकेने तर सुक्या कचऱ्याचे सोळा प्रकारांत वर्गीकरण करण्याची पद्धत बसवली आहे. घरात सोळा डबे ठेवण्याची गरज नाही. चार जागा पुरतात, मात्र त्या नीट निवडल्या पाहिजेत.

चार जागा

पहिली जागा ओट्याखालची झाकणाची बालदी. तिच्यात फक्त कुजणारा कचरा जाईल, आणि तिला प्लॅस्टिकची पिशवी लावायची नाही. तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद घातला तर बालदी धुणे सोपे जाते आणि कागद कचऱ्याबरोबरच कुजून जातो. दुसरी जागा स्वयंपाकघराच्या बाहेर असावी, हे मी आग्रहाने सांगेन. सुक्या कचऱ्याची गोणी ओट्याजवळ ठेवली की घाईत तिच्यात चहाचा चोथा पडतोच. ती गॅलरीत किंवा दारामागे असली, तर तिथपर्यंत जाणारी वस्तू माणूस धुऊन, पुसून नेतो. तिसरी जागा न्हाणीघरातील लहान झाकणाचा डबा, सॅनिटरी कचऱ्यासाठी. चौथी जागा उंचावरचे पुठ्ठ्याचे खोके, ज्यात जळालेले दिवे, सेल, मुदत संपलेली औषधे आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा रीतीने साठवले जातील.

घरात कामाला येणाऱ्या ताईंना हे सर्व एकदा प्रत्यक्ष दाखवावे आणि त्यांचे मतही विचारावे, कारण दिवसातून सर्वाधिक वेळा बालदी उघडणारा हात बहुधा त्यांचाच असतो.

मासळीचे काय करावे

गोव्यात ओल्या कचऱ्याविषयीची पहिली तक्रार वासाची असते आणि तो वास बहुतेक वेळा मासळीचा असतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मासळी बाजारातच साफ करून घेणे, कारण तेथील अवशेष एका जागी जमा होतात आणि एकत्र उचलले जातात. बाजाराला जाताना घट्ट झाकणाचा डबा न्यावा. मासळीवाली बांगडे त्यात आनंदाने घालून देते, आणि रक्ताने माखलेली पातळ पिशवी, जिचा पुढे काहीही उपयोग होत नाही, ती घरात येतच नाही.

घरी साफ केलेल्या मासळीची डोकी, कल्ले, आतडी आणि सुंगटांची (कोळंबीची) साले वर्तमानपत्राच्या दोन पदरांत गुंडाळावीत आणि एखाद्या जुन्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. कचरागाडी येण्याच्या वेळी ती ओल्या बालदीत टाकली की वास सुटत नाही आणि कुत्री व मांजरेही बालदीकडे फिरकत नाहीत. घराला परसू असेल तर माडाच्या बुंध्यापासून तीनएक फूट अंतरावर दीड फूट खोल खड्डा खणावा, त्यात हे अवशेष घालून वर राखेचा हलका थर द्यावा आणि माती दाबून बसवावी. माडाला मासळीचे खत घालण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे आणि तिचे कारणही सरळ आहे: मासळीत नत्र आणि स्फुरद भरपूर असते. खड्डा उथळ ठेवला तर मात्र रात्रीतच कुत्रे तो उकरतात.

तिसऱ्या, खुबे आणि शिणाणे या शिंपल्यांची कवचे ओल्या बालदीत टाकू नयेत. ती कुजत नाहीत आणि बायोगॅसच्या यंत्रणेत निव्वळ अडथळा होऊन बसतात. ती धुऊन उन्हात खडखडीत वाळवावीत, गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावीत आणि कुंड्यांच्या मातीत मिसळावीत. गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी आहे आणि कवच म्हणजे चुनाच, त्यामुळे तो चुना सावकाश मातीत उतरतो आणि आम्लता थोडी कमी करतो.

नारळाच्या करवंट्यांनाही हाच नियम लागू आहे. त्या ओल्या कचऱ्यात जमा धरू नयेत. वाळवून पाणी तापवण्याच्या बंबासाठी द्याव्यात किंवा गोणीत स्वतंत्र साठवाव्यात, आणि साठवताना नेहमी पालथ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात उताणी पडलेली एक करवंटी डेंग्यूच्या डासांना अंडी घालायला पुरेशी असते आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, तासून त्यांचा भुसा कुंड्यांमध्ये वापरावा.

गॅलरीतील खत

ज्यांना शक्य आहे त्यांनी ओला कचरा घरातच जिरवावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सुमारे दीड फूट उंचीच्या, बाजूला आणि तळाला भोके असलेल्या मातीच्या दोन कुंड्या आणि एक गोणी भरून सुका पाला इतके साहित्य पुरते. पाला हाच या कामाचा खरा आधार आहे, म्हणून तो फेब्रुवारी ते मे या महिन्यांत गोळा करून कोरड्या जागी साठवावा. आंब्याची आणि काजूची पाने जाड व चिवट असतात. ती हाताने चुरडून घातल्याशिवाय लवकर कुजत नाहीत. कांपालसारख्या भागात रस्त्याकडेच्या मोठ्या वर्षावृक्षांखाली पडणारी बारीक पाने मात्र उत्तम, कारण ती न चुरडताही पसरतात. याच दिवसांत अनेक घरांच्या आवारात पाला पेटवून दिला जातो. तो जाळणे म्हणजे पावसाळ्याची बेगमी जाळणे होय, आणि त्याच्या धुराने शेजारच्या वृद्धांचा व लहान मुलांचा श्वास कोंडतो.

कुंडीच्या तळाशी सोडणाचे तुकडे आणि चार बोटे पाला पसरावा. रोजचा कचरा बारीक चिरून, निथळून त्यात घालावा आणि त्यावर पाल्याचा थर द्यावा. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या पाला हे प्रमाण उन्हाळ्यात चालते, पावसाळ्यात पाला तीन वाट्यांपर्यंत वाढवावा. जिवाणूंना कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण तीसास एक असे लागते. पाला कर्ब पुरवतो आणि स्वयंपाकघराचा कचरा नत्र. सुरुवातीला आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडले तर कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. तीन-चार दिवसांनी काठीने ढवळून आत हवा जाऊ द्यावी.

कुंडीत ओलावा बरोबर आहे की नाही हे हाताने कळते. आतील मूठभर मिश्रण घेऊन जोराने दाबावे: बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवावा, आणि मूठ उघडताच सारे भुसभुशीत होऊन सांडले तर थोडे पाणी शिंपडावे. कुंडीला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येत असेल तर आत हवा पोहोचत नाही, म्हणून ढवळणे आणि पाला हे दोन्ही उपाय करावेत. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा प्रमाणाबाहेर गेला असे समजावे. मुंग्या झाल्या तर मिश्रण फार कोरडे पडले आहे. जाड, करड्या रंगाच्या अळ्या दिसल्या तर घाबरून सारे फेकून देऊ नये. त्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने खाऊन संपवतात. त्या नकोशा वाटल्या तर वर कोरड्या पाल्याचा जाड थर द्यावा.

पावसाळ्यात कुंडी छपराखाली, विटांवर उचलून ठेवावी आणि वर झाकण घालावे. शिजलेले अन्न थोडे घातले तरी चालते, पण रस्सा गाळून घ्यावा आणि तेलकट पदार्थ टाळावेत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिले काही महिने मासळी आणि मांस कुंडीत घालूच नये. कुंडी भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी. दोन महिन्यांच्या सुमारास पहिलीतील मिश्रण काळे, भुसभुशीत आणि जंगलातील मातीच्या वासाचे होते. ते चाळून मोगऱ्याला, मिरचीला, कढीपत्त्याला घालावे आणि चाळणीत राहिलेले जाड तुकडे नव्या कुंडीत परत टाकावेत.

सुक्या गोणीत जाणारी प्रत्येक वस्तू

दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करावी, कारण ती बहुतेक घरांत रोज येते. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकण्याची सवय सोडावी. तो इवलासा त्रिकोण गोणीतून, गाडीतून आणि गटारातून निसटत शेवटी सांतिनेजच्या खाडीत किंवा मांडवीत पोहोचतो. कोपऱ्याला फक्त चीर द्यावी आणि तुकडा पिशवीलाच राहू द्यावा. रिकामी पिशवी अर्धी वाटी पाण्याने खळबळून ते पाणी कुंडीत ओतावे आणि पिशवी चिमट्याने दोरीवर अडकवावी. वाळलेल्या पिशव्यांची जुडी भंगारवाला घेतो, कारण त्या चांगल्या प्रतीच्या प्लॅस्टिकच्या असतात.

डब्यांच्या आणि बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात छापलेला आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. १ म्हणजे पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या, २ म्हणजे शाम्पू व फिनेलच्या जाड बाटल्या, ४ म्हणजे पिशव्या आणि ५ म्हणजे जेवणाचे कडक डबे. या चारही प्रकारांना बाजार आहे. ३ म्हणजे पीव्हीसी. ते कधीही जाळू नये, कारण त्यातील क्लोरीनमुळे डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. ६ मध्ये थर्माकोल येतो, जो हलका असल्याने कोणी विकत घेत नाही. चिप्स, बिस्किटे आणि शाम्पूच्या पुड्या अनेक थरांच्या असतात. मुठीत चुरगळून सोडले की त्या पुन्हा उलगडतात, यावरून त्या ओळखाव्यात. त्यांचे पुनश्चक्रीकरण सहसा होत नाही आणि गोव्यातून असा माल कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे पाठवला जातो. म्हणून अशा वस्तू कमी विकत घेणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. फळांच्या रसाचे खोके मात्र टाकाऊ समजू नये: त्यात सुमारे तीन-चतुर्थांश कागद असतो, तेव्हा ते खळबळून, चपटे करून गोणीत घालावे.

कागदाची रद्दी मे महिन्याच्या अखेरीस विकून मोकळे व्हावे. पावसाळ्यात ती दमट होते, तिला बुरशी लागते आणि भाव पडतो. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग फाडून ओल्या बालदीत टाकावा आणि कोरडे झाकण पुठ्ठ्यांत ठेवावे. दुकानातील गुळगुळीत पावत्यांना रासायनिक लेप असतो, म्हणून त्या रद्दीत मिसळू नयेत आणि खताच्या कुंडीतही घालू नयेत.

काचेचा प्रश्न गोव्यात इतर राज्यांहून मोठा आहे, कारण येथे मद्याच्या बाटल्या अफाट प्रमाणात निघतात. बिअरच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात, म्हणून त्यांचा गळा शाबूत राहिला पाहिजे. त्या फोडू नयेत आणि त्यांत सिगारेटची थोटके घालू नयेत. रुंद तोंडाच्या बरण्या टाकूच नयेत. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी जिन्नस साठवण्याच्या, दिवसांत आमसुले, खारवलेल्या कैऱ्या, सुके बांगडे आणि चिंच भरायला त्या लागतातच, आणि काचेत ठेवलेला जिन्नस पावसाळाभर दमट होत नाही. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळून, खोक्यात बंद करून वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे. ते खोके कोणीतरी उघड्या हातांनी उचलणार आहे.

न्हाणीघरातील डबा आणि उंचावरचे खोके

वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी आणि स्वतंत्र पुडके म्हणून द्यावे. त्यांना शौचकुपात जागा नाही, कारण ते पाण्याने फुगतात आणि नळ तुंबवतात. ज्यांना सोईचे वाटेल त्यांनी धुता येणारे कापडी पॅड किंवा मासिक पाळीचा कप वापरून पाहावा. एक कप काही वर्षे टिकतो.

सीएफएल दिव्यात थोडा पारा असतो. तो फुटला तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, मग हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करावेत, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपावा आणि सारे बंद बरणीत घालावे. केरसुणीने झाडू नये. जुने फोन, चार्जर आणि वायरी साध्या भंगारात देण्याचा मोह टाळावा, कारण तांब्यासाठी त्या उघड्यावर जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवीन वस्तू घेताना दुकानदाराला जुनी परत घेण्याविषयी जरूर विचारावे.

घरात कमी येऊ द्यावे

पाव घेऊन येणाऱ्या पोदेरासाठी दारावर कापडी पिशवी अडकवून ठेवण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. हीच पद्धत भाजी, कडधान्ये आणि औषधे यांनाही लागू करता येते. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर देशभर बंदी आहे, आणि स्ट्रॉ, प्लॅस्टिकच्या ताटल्या व चमचे यांसारख्या एकदाच वापरण्याच्या वस्तू १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. तरीही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पातळ पिशवी पुढे केली गेली, तर ती नम्रपणे नाकारणे आपल्या हातात आहे.

सणांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. चवथीला गणपतीच्या वर टांगली जाणारी माटोळी ही मुळात काहीही मागे न ठेवणारी सजावट आहे: नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगे, चिबूड आणि रानफळे केवणीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या सालीच्या, दोराने बांधलेली असतात. तिच्यात प्लॅस्टिकची फळे आणि नायलॉनची दोरी शिरली की हा गुण नाहीसा होतो. विसर्जनानंतर खाण्याजोगी फळे वाटून टाकावीत आणि बाकीचे निर्माल्य, त्यातील सुया, तारा आणि जरीच्या पट्ट्या काढून, पाल्याबरोबर खताला घालावे. चिकणमातीची मूर्ती घ्यावी. दिवाळीला जाळल्या जाणाऱ्या नरकासुराच्या प्रतिमेबाबत वाड्यावरच्या मुलांशी आधीच बोलून ठेवावे: लोखंडी सांगाडा जपून पुढच्या वर्षी वापरावा, अंग गवताने आणि कागदाने भरावे आणि जाळण्याच्या प्रतिमेत थर्माकोल किंवा टायर असू नयेत.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत होती. लहान सोसायट्यांनाही ते जमते, फक्त काम कोणी एकट्याने अंगावर घेऊ नये. खताचे हौद छपराखाली आणि विहिरीपासून दूर बांधावेत, पाल्याची साठवण हौदाशेजारीच करावी, आणि माळ्याच्या पगारात या कामाचा मोबदला उघडपणे धरावा. कचरा उचलणाऱ्या कामगारांना हातमोजे मिळतात का, हे समितीने विचारलेच पाहिजे.

खरी अडचण बहुधा थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेल्या सदनिकांची असते. तेथील पाहुण्यांना वर्गीकरण माहीत नसते आणि त्यांच्या एका पिशवीत बिअरच्या बाटल्या, उरलेला भात आणि डायपर एकत्र येतात. मालकाने दाराच्या आतल्या बाजूला कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत एका पानाची सूचना चिकटवावी, दोन रंगांच्या बालद्या ठेवाव्यात, काचेसाठी वेगळे खोके द्यावे आणि गाडी कोणत्या दिवशी काय नेते ते त्यावर लिहावे. किल्ली हातात देतानाच बालद्या दाखवाव्यात, आणि पाहुणे गेल्यावर मिश्र पिशवी आढळली तर ती वेगळी करण्याची मजुरी साफसफाई करणाऱ्या बाईंना स्वतंत्र द्यावी.